किल्ली कोणाच्या खिशात?

संगणकावर काढलेल्या द्विमितीय ड्रॉइंगमध्ये रेषा, वर्तुळे आणि कंस यांपलीकडे काही नसते. पोलादी प्लेटची कड कोठे यावी एवढेच ते सांगते. कटरने कोठून जावे हे सांगत नाही. १० मिलिमीटर व्यासाचा कटर त्या रेषेवरूनच फिरवला तर वस्तू चहूबाजूंनी ५ मिलिमीटरने लहान निघेल, म्हणून कटरचा मध्य रेषेच्या ५ मिलिमीटर बाहेरून न्यावा लागतो. आतील कोपऱ्यात त्याच कटरला ५ मिलिमीटरहून लहान त्रिज्या साधत नाही; ड्रॉइंगवर तेथे नेटका काटकोन असला तरी धातूत तो उतरत नाही. ड्रॉइंगला खोलीही नसते. धातू किती थरांत काढायचा, कटर कोठून आत शिरवायचा, क्लॅम्प चुकवून कसे जायचे, हे सारे कोणीतरी ठरवावे लागते. आतील भोके आधी करावी लागतात, कारण बाहेरची कड आधी तोडली तर सुटा झालेला तुकडा हलतो. इंचांतील ड्रॉइंग मिलिमीटरचे समजून वाचले गेले तर वस्तू २५.४ पट लहान होते.

हा तपशील कार्यकर्त्यांना रुक्ष वाटेल. परंतु कारखान्यातील सत्तेचा प्रश्न त्यातच दडलेला आहे. रेषेपासून वाटेपर्यंतचे हे अंतर पूर्वी मशिनिस्टच्या अनुभवाने भरून निघे. ते कचेरीत भरून काढण्याची व्यवस्था अमेरिकेत उभी राहिली ती हवाई दलाच्या पैशावर. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अचूक आकार कसे साधावेत, या प्रश्नातून जॉन पार्सन्स यांची कल्पना निघाली. ते काम एमआयटीकडे गेले आणि १९५२ साली छिद्रांकित फितीवर चालणारे मिलिंग मशिन तेथे दाखवण्यात आले. त्याच सुमारास दुसराही मार्ग उपलब्ध होता. कुशल कामगाराने एक जॉब हाताने करावा, यंत्राने त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवाव्यात आणि पुढे तशाच कराव्यात, असा तो मार्ग. तो मागे पडण्यास केवळ तांत्रिक कारणे नव्हती. कामाची सूत्रे कामगाराच्या हाती ठेवणारे तंत्र व्यवस्थापनास नको होते, हे डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे.

विमानाच्या वक्र पृष्ठभागांना गणिताची गरज खरोखरीच होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु चार भोकांच्या सपाट प्लेटला ती सबब कशी लागू पडावी? ड्रॉइंगवरून कटरचा मार्ग काढणारी आज्ञावली आज साध्या संगणकावर चालते. फ्रीकॅडसारखी साधने तर विनामूल्य मिळतात. खर्चाचे कारण सरले, श्रमाची फाळणी मात्र तशीच राहिली. भोसरी, सातपूर, शिरोली येथील वसाहतींतही हेच चित्र ठिकठिकाणी दिसते. प्रोग्राम वर तयार होतो. खाली उभ्या असलेल्या ऑपरेटरने जॉब चढवावा, बटण दाबावे आणि माप घ्यावे. कटर तुटला की जाब मात्र त्यालाच विचारला जातो, आणि पगार ठरवताना तो ‘नुसता बटण दाबणारा’ ठरतो.

आपल्या चळवळीतही यावर एक सोपे उत्तर दिले जाई: यंत्रच नको. ते उत्तर चुकीचे होते. ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ साली पर्यायी उत्पादनांची योजना पुढे ठेवली. तिचे एक प्रणेते माइक कूली स्वतः अभियंते होते, संगणकाचे जाणकारही होते. त्यांचा आक्षेप यंत्राला नव्हता, कामगाराचे कौशल्य निकामी करणाऱ्या रचनेला होता. आपल्याकडील कामगार संघटनांनी हा भेद पुरेसा आत्मसात केला, असे म्हणवत नाही.

अनेक सीएनसी यंत्रांच्या फलकावर एक लहानशी किल्ली असते. ती फिरवली तर प्रोग्राममध्ये दुरुस्ती करता येते, एरवी नाही. वेतनकरारांत उत्पादनाच्या कोष्टकांवर रात्र-रात्र घासाघीस होते, परंतु ही किल्ली कोणाच्या खिशात राहावी यावर चर्चा होत नाही. पुढील मागणीपत्रात हे कलम घालावे: प्रत्येक पाळीत किल्ली मशिनिस्टजवळ राहील, त्याने केलेली दुरुस्ती त्याच्या नावे नोंदली जाईल, आणि ते काम कुशल श्रेणीचे मानून त्याचे वेतन ठरेल. प्रोग्रामिंगचे प्रशिक्षणही कामाच्या वेळातच, पगारी असावे.