नऊ मासे आणि तीस लिटर पाणी

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. मुंबईच्या महात्मा फुले मंडईत, जिला लोक अद्यापही क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, तेथे जसे रंगीत मासे मिळतात, तसेच ते तालुक्याच्या गावच्या लहानशा दुकानातही मिळतात. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कित्येक मुलांनी तेथील काचेला नाक लावून मासे पाहिले आणि असे काही आपल्या घरी असावे, असा हट्ट धरला. हा हट्ट वाईट नव्हे. पाण्यात तरंगणाऱ्या जिवाकडे शांतपणे पाहत बसण्यात जो आनंद आहे, तो निर्मळ आहे. परंतु मत्स्यालयातील टाकी आणि घरातील पेटी यांत फार मोठे अंतर असते, ही गोष्ट हौसेच्या भरात विसरली जाते.

दुकानात एक समजूत हमखास कानी पडते. घरात नऊ मासे असावेत, आठ सोनेरी आणि एक काळा; त्यायोगे घराची भरभराट होते! फेंगशुई या चिनी विद्येच्या नावाने ही समजूत आपल्याकडे आली आणि चांगलीच रुजली. घराची भरभराट होते की नाही, ते असो. पेटीची मात्र दैना होते, हे गणिताने सिद्ध करता येते, आणि ते गणित सहावी-सातवीतल्या कोणत्याही मुलास येण्याजोगे आहे.

घरोघरी दिसणारी एक पेटी घ्यावी: लांबी ४५ सेंटीमीटर, रुंदी ३० आणि उंची ३०. तिन्हींचा गुणाकार ४०,५०० घन सेंटीमीटर, म्हणजे साडेचाळीस लिटर. पण तळाशी पाच सेंटीमीटर वाळू असते आणि वरची तीन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी लागते. उरली उंची बावीस. आता गुणाकार करावा, तर पाणी भरते जेमतेम तीस लिटर. दुकानदार 'चाळीस लिटरची पेटी' म्हणून जी देतो, तिच्यात माशांच्या वाट्याला येणारे पाणी हे एवढे.

या पाण्यात मासे किती ठेवावेत? जाणकारांचा स्थूल नियम असा, की पूर्ण वाढलेल्या माशाच्या दर सेंटीमीटर लांबीस दीड ते दोन लिटर पाणी असावे. 'पूर्ण वाढलेल्या' हे शब्द येथे फार महत्त्वाचे आहेत. दुकानात बोटाच्या पेराएवढा दिसणारा गोल्डफिश सामान्यतः पंधरा-वीस सेंटीमीटर वाढतो. तीस लिटर पाण्यास एकूण पंधरा ते वीस सेंटीमीटर लांबीचे मासे चालतील, म्हणजे नऊ गोल्डफिश तर नाहीतच, फार तर एक.

पण तो एक तरी खरोखर चालेल काय? येथे हा नियमच अपुरा पडतो. तीन सेंटीमीटर लांबीचे सहा मासे आणि अठरा सेंटीमीटरचा एक मासा यांची लांबी सारखीच, अठरा. वजन मात्र सारखे नसते. आकार तोच राहून लांबी सहापट झाली, की रुंदीही सहापट होते आणि जाडीही. म्हणून वजन ६ × ६ × ६, म्हणजे २१६ पट होते. एक मोठा मासा सहा लहान माशांबरोबर नव्हे, तर दोनशे सोळा लहान माशांबरोबर तोलावा लागतो. तो तेवढ्याच प्रमाणात खातो असे नाही, तरी त्याचे खाणे आणि त्याची घाण लहान सहांच्या कितीतरी पट असते. शिवाय तीस सेंटीमीटर रुंदीच्या पेटीत त्यास वळावयासही धड जागा नाही. म्हणून हा नियम लहान माशांपुरताच वापरणे शहाणपणाचे.

माशाची घाण म्हणजे केवळ तळाशी दिसणारी विष्ठा नव्हे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडत असतो. हा अमोनिया डोळ्यांस दिसत नाही, पाणी स्वच्छ काचेसारखे असतानाही तो त्यात असू शकतो आणि माशांस तो विषासारखा बाधतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजात राहणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असते आणि ते वनस्पती शोषून घेतात. परंतु ही जीवाणूंची वस्ती पेटीत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी पेटी आणावी, दुपारी पाणी भरावे आणि संध्याकाळी त्यात नऊ मासे सोडावेत, ही घाई म्हणजे त्या मुक्या जिवांचा छळच होय. आठ दिवसांत एकेक मासा उलटा तरंगू लागतो आणि घरातील मंडळी म्हणतात, 'या माशांचे आयुष्यच तेवढे.' इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश त्रेचाळीस वर्षे जगून १९९९ साली मेला. तो अपवाद खरा. पण चांगल्या पाण्यात दहा-पंधरा वर्षे जगणे या जातीस मुळीच अवघड नाही.

पेटीचा हा संसार तोलावा लागतो, ही जाणीव काही आजची नाही. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. बारा गॅलनचे, म्हणजे सुमारे चोपन्न लिटर मावेल एवढे काचेचे पात्र घेऊन त्याने त्यात व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि गोल्डफिश सोडले. किती? दोन, आणि तेही लहान. काही दिवसांनी वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेला भाग खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा निवळले. वनस्पतीने माशांस प्राणवायू द्यावा, माशांच्या मळावर वनस्पतीने वाढावे आणि कुजके ते गोगलगाईंनी खावे, अशी ती व्यवस्था होती. त्या शास्त्रज्ञास विजेचा पंप माहीत नव्हता. म्हणूनच कदाचित त्याने माशांची संख्या इतक्या काटेकोरपणे धरली असावी.

आज पंप आहे, गाळणी आहे, आणि दुकानदार म्हणतो, 'फिल्टर लावा, पंधरा मासेही चालतील.' या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. चांगल्या गाळणीने पाणी अधिक काळ निर्मळ राहते, हे नाकारता येणार नाही. परंतु वीज काही आपल्या आज्ञेत नसते. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे पाणी कसे तापते, ते तेथील मुलांस सांगावयास नको. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांस एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांस साडेसात. अशा दुपारी वीज गेली, तर विरळ वस्तीच्या पेटीतील मासे काही तास निभावून नेतात. गच्च भरलेल्या पेटीतील मासे मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीमिटी करू लागतात. पाहुण्यांस वाटते, मासे खेळत आहेत!

मासे निवडतानाही डोळ्यांपेक्षा माहितीवर विसंबावे. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासा तीन-साडेतीन सेंटीमीटरचा, पण थव्याने राहणारा. एकटादुकटा ठेवला तर तो भेदरून कोपऱ्यात बसतो. तीस लिटरच्या पेटीत सहा निऑन सुखाने राहतील. मग इतर माशांचा मोह आवरावा. एंजल मासा दिसतो देखणा, पण मोठा झाला की याच निऑनांस गिळतो. फायटरचे दोन नर एका पेटीत ठेवले, तर ते एकमेकांची शेपटी आणि पर फाडतात. फायटरला पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून दुकानात त्यास मुरंब्याच्या बरणीएवढ्या भांड्यात ठेवतात. पण एखादा माणूस कोंदट खोलीत तग धरतो, म्हणून त्यास तेथेच कोंडून ठेवणे जसे न्याय्य नव्हे, तसेच हे. इटलीतील मोन्झा शहराने २००४ साली आणि रोम शहराने २००५ साली मासे गोल भांड्यात ठेवण्यास कायद्याने बंदी केली. अशा बाबतीत कायदा करावा लागावा, हे माणसांस भूषणावह नाही.

काच चाटून साफ करतो, म्हणून 'सकर' नावाचा मासा आणला जातो. हा दक्षिण अमेरिकेतील प्राणी पुढे चाळीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मग त्यास कोठे ठेवावे हे न सुचून लोक त्यास जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडतात आणि आपण जीवदान दिले असे मानतात. कोलकात्याच्या पूर्वेस असलेल्या पाणथळ प्रदेशात हा परका मासा माजला असून तेथील मच्छीमारांस त्याचा उपद्रव होतो. घरातील पेटी लहान पडली, याचे मोल दुसऱ्या कोणी का द्यावे?

राहिला गप्पी. हा काटक, रंगीत आणि स्वस्त. डासांच्या अळ्या खातो, म्हणून नगरपालिकेची माणसेही पाण्याच्या टाक्यांत गप्पी मासे सोडतात. नवशिक्यास याहून सोयीचा मासा नाही. एकच गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. गप्पीची मादी अंडी घालीत नाही, ती साधारणतः दर महिन्यास वीस-तीस जिवंत पिलांस जन्म देते, आणि नरापासून एकदा वेगळी केली तरी पुढे कित्येक महिने देत राहते. सहा मासे आणलेल्या पेटीत दिवाळीपर्यंत शंभर झाले, तर सारे गणित कोसळते. त्यास सोपा उपाय आहे. नर लहान, रंगीत आणि पिसाऱ्यासारख्या शेपटीचा असतो. मादी मोठी आणि करडी असते. पाच-सहा नरच आणावेत. 'सगळे नरच द्या' असे म्हटले, की दुकानदार क्षणभर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो खरा, पण जाळी उचलतो आणि निवडून देतो.