इंडिकेटरची दांडी



आमच्याकडे अजून मारुती 800 आहे. डिसेंबर 1983 मध्ये आलेली ही गाडी जानेवारी 2014 मध्ये कारखान्यात बनायची थांबली. आमच्या अंगणातली मात्र रोज बाजारात जाते. आषाढात एक दिवस तिची इंडिकेटरची दांडी माझ्याच हातात आली. मुळापासून, कटकन.

हे म्हणाले, "गाडी चालते ना? मग बघू सवडीनं." ब्रेक गेला असता तर त्याच दिवशी मिस्त्री आला असता. इंडिकेटरला सवड मिळते, कारण तो नसल्याची अडचण आपल्याला होतच नाही, मागच्याला होते. म्हणूनच माझं मत आहे की ही दुरुस्ती सगळ्यात आधी करावी.

आधी अर्थातच जुगाड झाला. फेविक्विकनं दांडी चिकटवली, वरून दोरा गुंडाळला. दोन दिवस टिकली. आपण दांडी टोकाला धरतो, पण सगळा जोर येतो मुळाशी, तिथे चिकटवलेलं प्लास्टिक टिकेल कसं? शिवाय वळण संपून स्टेअरिंग सरळ झालं की आतला खटका दांडीला जागेवर आणतो. आमची चिकटवलेली दांडी परत यायलाच तयार नव्हती. दत्त चौकापासून घरापर्यंत मी डावीकडे वळते आहे असं सगळ्या यवतमाळला सांगत आले. बंद इंडिकेटर परवडला, खोटं बोलणारा नको.

मग हात दाखवणं सुरू केलं. मोटार वाहन कायद्यात हाताचा इशारा आहेच. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर सरळ, डावीकडे वळायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. मी फिरवला, तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं उलट मलाच हात केला! आता हे इशारे कोणाला कळत नाहीत, अंधारात दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या पावसात काच खाली करून तर बघा.

तरी मीही चालवून घेत होते. एका सकाळी दारव्हा रोडला आर्यिका माताजींचा विहार चालला होता. चातुर्मास तोंडावर, त्यामुळे संघ मुक्कामाच्या गावाकडे निघालेला, सोबत आपल्याच चार-पाच जणी. माताजींची नजर समोरच्या चार हात जमिनीवर. मागून काय येतं हे त्या बघणार नाहीत, ते आपण बघायचं. मला उजवीकडे शेताच्या रस्त्याला वळायचं होतं, म्हणून मी मध्यभागी येऊन थांबले. मागच्या मोटरसायकलवाल्याला काय कळणार? त्यानं गाडी डावीकडून काढली, सरळ कडेच्या मुरमावर, जिथून संघ चालला होता. ब्रेक दाबला त्यानं, मोटरसायकल घसरत घसरत थांबली. कोणाला लागलं नाही. तो मलाच ओरडला, आणि बरोबर ओरडला.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे. सुटी दांडी शोधत बसू नका, अख्खा कॉम्बिनेशन स्विचच बदलतात. जुना स्विच सोबत नेऊनच नवा घ्या. आम्ही नुसतं गाडीचं नाव सांगून आणला तो प्लगमध्ये बसेना, पुन्हा फेरी झाली. मिस्त्रीनं आधी बॅटरीची तार काढली, मग हॉर्नचं झाकण, मग मधला नट. स्टेअरिंग उचलण्याआधी त्यावर आणि दांड्यावर खडूनं एक रेघ मारली. ती रेघ जुळवली नाही तर गाडी सरळ जाते आणि चाक वाकडं दिसतं. तासाभरात काम झालं. ज्यांच्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे त्यांनी मात्र हे कोपऱ्यावरच्या गॅरेजात करू नये, जाणकाराकडेच जावं.

आणि टकटक एकदम भरभर वाजायला लागली तर दांडीला दोष देऊ नका, बहुतेक एखादा बल्ब गेलेला असतो. खाली उतरून चारही दिवे बघायचे. (चौकात सरळ जायला चारही दिवे लावणाऱ्यांवर पुन्हा कधीतरी लिहीन, तो वेगळाच राग आहे.)

तुटलेली दांडी यांनी फ्यूज आणि स्क्रूच्या डब्यात ठेवली आहे. मी म्हटलं, टाका आता. तर म्हणे, "असू दे, लागेल कधीतरी."