एका प्रतिशब्दाचा अप्रामाणिकपणा

इंग्रजी शब्दाला अनेक अर्थ असतात, मराठी प्रतिशब्दाला एकच. म्हणून इंग्रजी शब्द समृद्ध आणि मराठी शब्द दरिद्री, हा निष्कर्ष आपल्या विद्यापीठीय वर्तुळात इतक्या सहजतेने काढला जातो की, त्यावर वाद घालणाराच अडाणी ठरावा. यावरचे उपायही ठरलेले आहेत. एक पक्ष इंग्रजी शब्द तसाच ठेवतो आणि भाषांतराच्या अशक्यतेविषयी दोन वाक्ये लिहून मोकळा होतो. दुसरा पक्ष परिभाषाकोश उघडून त्या शब्दाचे पाच अर्थ पाच मराठी शब्दांत वाटून देतो. प्रस्तुत लेखकाला ही एकाच आळसाची दोन रूपे वाटतात. अनेकार्थी शब्द म्हणजे अर्थांची यादी नव्हे. ते अर्थांनी आपापसांत केलेले संगनमत असते.

‘ऑनेस्ट’ हा अगदी रोजच्या वापरातला शब्द घ्यावा. ‘ऑथेल्लो’त हा शब्द व त्याचे भाववाचक नाम मिळून बावन्न वेळा येतात, हे विल्यम एम्प्सनने ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’मध्ये (१९५१) नोंदवले आणि त्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. (त्याच्या १९३० च्या पुस्तकातले संदिग्धतेचे सात प्रकार आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात, हे पुस्तक मात्र वेशीबाहेरच राहते.) शेक्सपिअरच्या काळी खरे बोलणारा, चोरी न करणारा, मित्राशी इमान राखणारा, मनमोकळा असे अर्थ या शब्दात नांदत होते. स्त्रीविषयी वापरला की तो ‘शीलवती’ होई. वरच्याने खालच्याला उद्देशून वापरला की त्यात ‘भला माणूस बिचारा’ अशी पाठ थोपटणारी कृपादृष्टी येई. इयागोला नाटकभर ‘ऑनेस्ट’ म्हटले जाते ते या सगळ्या छटांसह. बढती कॅसिओला मिळते, इयागोच्या वाट्याला हे विशेषण येते. आणि डेस्डिमोना ‘ऑनेस्ट’ आहे की नाही, असा प्रश्न उभा राहतो तेव्हाही शब्द तोच असतो. पुरुषाचा सच्चेपणा आणि स्त्रीचे शील एकाच विशेषणात कोंबलेले असल्यामुळेच ते एकाला बहाल करताना दुसरीकडून काढून घेतले जाते. आता मराठीत इयागोला ‘प्रामाणिक’ म्हणा आणि डेस्डिमोनेला ‘पतिव्रता’. दोन्ही प्रतिशब्द अचूक आहेत, आणि नाटकाचा सांधा निखळलेला आहे.

हे वाचून पहिला पक्ष खूश होईल. त्याने घाई करू नये. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ या शब्दावरून आला. संस्कृतात त्याचा अर्थ प्रमाणावर आधारलेले, विश्वसनीय असा. हिंदीत आजही ‘प्रामाणिक ग्रंथ’ म्हणजे अधिकृत ग्रंथ. ज्ञानशास्त्रातला हा शब्द मराठीने नीतीच्या प्रांतात आणून वसवला. ‘ऑनेस्ट’चे मूळ लॅटिनमधल्या मानसन्मानात आहे, आपल्या शब्दाचे पुराव्यात. आणि ऑथेल्लो पत्नीच्या शीलाविषयी मागतो तो पुरावाच, तोही डोळ्यांनी पाहण्याजोगा! हाती येतो रुमाल. म्हणजे प्रत्यक्षाच्या जागी अनुमान, आणि तेही हेत्वाभासावर उभे. ‘प्रामाणिक’ म्हणवला जाणारा मनुष्य खोटे प्रमाण पुरवतो, हा श्लेष इंग्रजीत नाही. तो मराठीत आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. त्या बावन्न जागी या दोघांनी काय केले, हा प्रबंधाचा विषय व्हायला हवा. आपण कथानकाची तुलना करतो, पात्रांची बदललेली नावे सांगतो आणि थांबतो.

संस्कृत साहित्यशास्त्राचे अभिमानी म्हणतील, हे आमच्याकडे पूर्वीपासूनच आहे. काही अंशी आहेही. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी संयोग, विप्रयोग, साहचर्य इत्यादी नियामके भर्तृहरीने सांगितली. एक अर्थ नियंत्रित झाल्यावर दुसरा व्यंजनेने प्रतीत होतो, हे मम्मटाने मांडले. परंतु तो दुसरा अर्थ समाजातल्या बलिष्ठांची बाजू घेऊन बोलत असेल, ही शंका त्या व्यवस्थेला पडत नाही.

आपल्याला ती ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) आली तेव्हा पडायला हवी होती. दलित आत्मकथनांवर लिहिताना मराठी समीक्षेने ‘प्रामाणिक’ हे विशेषण किती उदार हाताने वाटले! मराठीत प्रामाणिक कोणाला म्हणतात? गड्याला, मोलकरणीला, कारकुनाला. कारकुनाने साहेबाच्या प्रामाणिकपणाची तोंडभर स्तुती केली तर तो आगाऊपणा ठरतो. एखाद्या कवितासंग्रहाला ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हटले की काय समजायचे, हेही आपण सारे जाणतो. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मते’त (१९४१) ‘आत्मनिष्ठे’चा निकष मांडला तो थोर वाङ्मयाच्या संदर्भात, दलित लेखकाच्या दारी पोचेपर्यंत त्या निकषाचे चारित्र्याच्या दाखल्यात रूपांतर झाले. आणि शब्दात दडलेला जुना अर्थ मागल्या दाराने आत आला: लेखक हा साक्षीदार, पुस्तक हा पुरावा. साक्षीदाराकडून घडणीची अपेक्षा नसते; घडण दिसली तर साक्षच संशयास्पद ठरते. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एका माणसाची अशी दोन माणसे करणे हा केवढा मोठा रचनात्मक निर्णय आहे! ‘प्रामाणिक’ म्हणून झाल्यावर त्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. शिवाय ज्या भाषेला हे समीक्षक ‘प्रमाण’ मानायला तयार नव्हते, त्याच भाषेतल्या पुस्तकाला ‘प्रामाणिक’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही.

प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्याच परीक्षणात एका भटक्या-विमुक्त लेखकाच्या आत्मकथनाला हे विशेषण तीन वेळा लावले होते. त्याच महिन्यात एका प्रस्थापित कादंबरीकारावर लिहिलेल्या लेखात मात्र ते एकदाही सुचले नव्हते.