जळगाव-धुळे विमानाने किती मिनिटं? वेळ तर जमिनीवरच जातो

धुळे : जळगावला विमान उतरतं, मग धुळ्याला का नाही? प्रश्न रास्त आहे, पण आधी हिशोब मांडून पाहू.

धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी आणि जळगावचं कुसुंब्याजवळचं विमानतळ यांत सरळ रेषेत अंतर सुमारे ९० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटरने जाणारं एटीआर विमान हे अंतर १०-१२ मिनिटांत कापेल. उड्डाण आणि उतरणं धरलं तरी अर्धा तास. पण विमानतळ गाठणं, तपासणी, थांबणं यात दोन तास जातात. तेवढ्यात महामार्गाने गाडी जळगावात पोहोचते. म्हणजे या दोन शहरांत विमान कामाचं नाही.

गरज आहे ती लांबच्या प्रवासाची. जळगावहून पुण्याला बसने अख्खी रात्र जाते, विमानाने साधारण तासभर. पेशंट असो की नोकरीची मुलाखत, हा फरक मोठा आहे.

मात्र जळगावची सेवा टिकणं अवघड गेलंय. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं. २०१९ मध्ये पुन्हा सुरू, पुन्हा खंड. २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे जोडले गेले. योजनेत कंपनीला तोट्याची भरपाई मिळते ती तीनच वर्षं. पुढे प्रवासी असतील तरच विमान उडेल.

ते प्रवासी धुळे, शिरपूर, शिंदखेडा, पारोळ्यातही आहेत. त्यामुळे धुळ्याच्या विमानाआधी मागणी हवी ती विमानाच्या वेळेला जोडलेल्या एसटीची.