बायोडिझेल स्वस्त पडतं? आधी लिटरमागची ताकद मोजा!



समजा, तुम्ही रोहण्याचे. दारात ट्रॅक्टर आहे, सोयाबीनच्या हंगामात थ्रेशर भाड्याने देता. एक जण येऊन म्हणतो, "भाऊ, बायोडिझेल घ्या, लिटरमागे पाच रुपये वाचतील. जमलं तर एजन्सीच घ्या." घ्यायची का? माझं मत स्पष्ट आहे: हिशोब केल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

इंजिनाला लिटर कळत नाही, उष्णता कळते. एक लिटर साध्या डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते, बायोडिझेलमध्ये साधारण 33. म्हणजे आठ-नऊ टक्के कमी. कारण बायोडिझेलच्या वजनात सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो. तो स्वतः जळून उष्णता देत नाही.

आता मांडा हिशोब. डिझेल 90 रुपये धरा. 90 ला 33 ने गुणा, 36 ने भागा: 82.50 रुपये. हा बायोडिझेलचा खरा बरोबरीचा भाव. 85 ला घेतलं तर पाच वाचले नाहीत, उलट लिटरमागे अडीच रुपये जास्त गेले!

मग बायोडिझेल वाईट का? अजिबात नाही. त्यात गंधक जवळपास नसतं, वंगण चांगलं मिळतं. ते पेट घ्यायला 100 अंशांच्या वर तापावं लागतं, त्यामुळे साठवायला डिझेलपेक्षा सुरक्षित. पण ते पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, टाकीतला गाळ सोडवून फिल्टर चोक करतं. पामतेलाचं असेल तर थंडीच्या सकाळी गोठायला लागतं. डिझेलमध्ये 5 टक्केच मिसळलं तर ऊर्जेतला फरक अर्धा टक्काही नाही. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 साठी ठेवलेलं लक्ष्यही 5 टक्के मिश्रणाचंच आहे.

मग आपल्यासाठी धंदा कुठे आहे? दुकानातलं सोयाबीन तेल घेऊन बायोडिझेल करायचं म्हटलं, तर तेलातच पैसे बुडतात. घरी प्रयोग तर नकोच. त्यात लागणारं मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असतं.

माझ्या मते संधी आहे तळून उरलेल्या तेलात. पोलर कंपाउंड 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. अशा तेलापासून बायोडिझेल व्हावं म्हणून एफएसएसएआयने 2018 मध्ये 'रुको' उपक्रम सुरू केला. पुलगाव, आर्वी, वर्ध्याच्या हॉटेलांतून असं तेल गोळा करून नोंदणीकृत उत्पादकाला देता येईल. पण आधी त्याच्याकडून भाव लेखी घ्या, नियम विचारा, मगच कॅन विकत घ्या. आणि स्वतः बायोडिझेल घ्यायचंच असेल, तर आयएस 15607 चा तपासणी अहवाल मागा. अहवाल नाही, तर व्यवहार नाही!

या आठवड्याचा गृहपाठ: तीन हॉटेलांत जा. महिन्याला किती तेल उरतं आणि सध्या कुठे जातं, ते वहीत लिहा. धंदा त्या वहीतून सुरू होतो.