धाडस होते, नकाराचे धैर्य नव्हते

१९६२च्या पराभवाचा विषय निघाला की दोन नावे हटकून पुढे येतात. एक संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे, दुसरे लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल यांचे. सारे खापर या दोघांवर फोडले की इतरांची सुटका होते. म्हणूनच कौल यांच्या चरित्राकडे शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

कौल भित्रे नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. सँडहर्स्टमध्ये प्रशिक्षण घेऊन १९३३मध्ये त्यांची अधिकारी म्हणून नियुक्ती झाली. कामाचा उरक दांडगा. अंबाला येथे चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख असताना त्यांनी जवानांच्या श्रमातून सैनिकांसाठी घरे उभारून दाखवली. मात्र युद्धभूमीवर पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व त्यांनी कधीच केले नव्हते. ही उणीव पंतप्रधान नेहरूंच्या विश्वासाने झाकली गेली. मे १९६१मध्ये सरसेनापती थिमय्या निवृत्त झाले. त्यांची पसंती पूर्व विभागाचे प्रमुख, कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांना होती. चीनचा धोका ओळखून नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) संरक्षणाची योजना थोरात यांनी १९५९मध्येच मांडली होती. ती बाजूला पडली. थापर सरसेनापती झाले आणि कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ. गुणवत्तेपेक्षा मर्जी मोठी ठरली, त्याची किंमत राष्ट्राने मोजली.

ऑक्टोबर १९६२च्या प्रारंभी कौल यांच्याकडे नव्या चौथ्या कोअरची सूत्रे आली. चिन्यांना थागला कड्यावरून हुसकावण्याची ती जबाबदारी होती. या पन्नाशीच्या सेनापतीने दुर्गम डोंगरवाटा तुडवत नामका चू नदीचा काठ गाठला. १० ऑक्टोबरची चकमक त्यांनी स्वतः पाहिली. शत्रू उंचावर आणि संख्येने अधिक. आपले जवान खाली खोऱ्यात, सुती गणवेशात, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी. कामगिरी अशक्य आहे, हे सांगायला त्यापरता पुरावा कोणता हवा?

लगेच दिल्लीत नेहरूंच्या निवासस्थानी बैठक झाली. पर्याय चर्चिले गेले, पण ब्रिगेडियर दळवी यांची सातवी ब्रिगेड त्या खोऱ्यातच राहिली. ती मागे घेतली नाही तर सूत्रे खाली ठेवीन, असे कौल म्हणाले नाहीत. पुढे आजारी पडून ते दिल्लीला आले, तरी अंथरुणावरून आदेश देत राहिले. २० ऑक्टोबरला चिनी आक्रमणात ती ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. दळवी युद्धकैदी झाले. बरे होऊन कौल पुन्हा सूत्रे घेण्यास परतले. नोव्हेंबरमध्ये सेला आणि बोमडिलाही पडले.

कौल यांनी राजीनामा दिला. १९६७मध्ये ग्रंथ लिहून आपली बाजू मांडली. त्यांचे सगळेच म्हणणे खोटे ठरवण्याचे कारण नाही. सैन्याची उपासमार करणारे, चीनच्या मैत्रीवर विसंबणारे आणि चिन्यांना हुसकावण्याच्या घोषणा करणारे राजकीय नेतृत्व पराभवास प्रथम उत्तरदायी होते. हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने दशकानुदशके दडवून ठेवला, तो काय केवळ एका सेनापतीची अब्रू राखण्यासाठी?

पण सेनापतीला या सबबीने दोषमुक्ती मिळत नाही. गोळीसमोर उभे राहण्याचे धैर्य आणि सत्ताधीशासमोर सत्य बोलण्याचे धैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले कौल यांच्यापाशी होते. दुसरे, कृपेने वर चढलेल्या माणसाला सहसा परवडत नाही.

कौल यांच्यानंतर चौथ्या कोअरची सूत्रे सॅम माणेकशा यांच्याकडे आली. कौल यांचा प्रभाव असतानाच त्यांना चौकशीला सामोरे जावे लागले होते. माणेकशा यांनी पुढे सांगितल्यानुसार, एप्रिल १९७१मध्ये तत्काळ युद्धास त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर स्पष्ट नकार दिला आणि तयारीसाठी वेळ मागितला. डिसेंबरमध्ये ढाका पडले. होकार देणारे सेनापती सत्तेला सुखावतात. राष्ट्राला मात्र वेळी नकार देणारेच तारतात.