परवाना आहे, पण उस्ताद कोठे?

अवजड वाहनाचा परवाना हाती आला की नोकरी दाराशी आली, असा ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक तरुणांचा समज असतो. कळंबोलीतील वा न्हावा-शेव्यातील एखाद्या वाहतूकदाराच्या कचेरीत पाऊल टाकताच तो मावळतो. ‘किती वर्षे गाडी चालवली?’ हा तेथील पहिला प्रश्न. दोन-तीन वर्षांचा अनुभव सांगता आला नाही, तर चांगला मालक ट्रेलर किंवा टँकर सोपवीत नाही. गाडी मिळाल्यावाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून गाडी नाही, अशा पेचात शेतकऱ्याचा मुलगा सापडतो.

मालकाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. लाखो रुपयांचे वाहन, तितक्याच मोलाचा माल आणि रस्त्यावरील निरपराधांचे प्राण तो चालकावर सोपवीत असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने वयाची वीस वर्षे आणि हलके वाहन चालविण्याच्या परवान्याचे किमान एक वर्ष, एवढी अट घातली. कोणी चालवू नये हे त्यातून कळते. कोणाला चालविता येते हे कळत नाही. भरलेली गाडी बोरघाटातून उतरविताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर वेग कसा आवरायचा, ब्रेक तापू कसे द्यायचे नाहीत, झोप अनावर होण्यापूर्वी कोठे थांबायचे, हे परवान्याच्या परीक्षेत उमगत नाही.

पूर्वी ही विद्या देणारी एक परंपरा होती. गावातला पोरगा प्रथम क्लीनर म्हणून गाडीवर चढे. चाके बदलणे, दोर आवळणे, हवेचा दाब पाहणे, हे करता करता उस्तादाच्या नजरेखाली त्याच्या हाती स्टिअरिंग येई. या पद्धतीत शोषणही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पगार नाममात्र, शिव्या मुबलक. पण त्यात ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. खर्च वाचविण्यासाठी असंख्य गाड्यांवरून क्लीनर हद्दपार झाला. दोष काढून परंपरा राखण्याऐवजी आपण परंपराच मोडीत काढली आणि तिच्या जागी काहीच उभे केले नाही.

परिणाम उघड आहे. चांगल्या मालकाने नाकारलेला नवखा तरुण ज्याला कोणीच चालक मिळत नाही अशा मालकाकडे जातो. तेथे गाडी जुनी, माल क्षमतेहून अधिक आणि विश्रांती नावापुरती. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचा प्राणघातक धडा तो येथेच गिरवतो. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ ट्रेलरने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंजिन बंद ठेवल्याचाच मुद्दा प्राथमिक तपासात पुढे आला होता. त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. हे सारे मृत्यू ट्रकचालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण जे मृत्यू शिक्षणाने टळले असते, त्यांचे पाप समाजाच्याच माथी येते.

म्हणून प्रश्न किती वर्षांचा नसून कोणत्या वर्षांचा आहे. दर चार महिन्यांनी मालक बदलत काढलेली पाच वर्षे कागदावर शून्य ठरतात. एकाच मालकाकडे, नेमणूकपत्रासह, बँकेत जमा होणाऱ्या पगारावर आणि अपघाताविना काढलेली दोन वर्षे बोलकी ठरतात. पहिल्या नोकरीत चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण नोंद असावी, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. ज्वलनशील वा धोकादायक माल वाहण्यासाठी नियमानेच तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि लिहिता-वाचता येणे आवश्यक केले आहे. ते पुरे करणाऱ्याला मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन आगारांतील टँकरांच्या कामाचा मार्ग मोकळा होतो.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. मात्र कायदा केबिन थंड करू शकतो, उस्ताद देऊ शकत नाही. ते काम मालकांच्या संघटनांचे आणि कामगार संघटनांचे आहे. 1955 साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करताना दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्षाचा मार्ग नाकारला. मालक आणि श्रमिक एकाच उद्योग-कुटुंबाचे घटक आहेत, ही त्यामागची दृष्टी होती. तिची खरी कसोटी येथे आहे. नवख्या चालकाला पहिले सहा महिने अनुभवी चालकाशेजारी भत्त्यासह बसवावे, शिकविणाऱ्या उस्तादाला मानधन द्यावे आणि वाहनाचा प्रकार, घाटरस्ते व रात्रीचा प्रवास यांची नोंद असलेली अनुभवपुस्तिका सर्व वाहतूकदारांनी मान्य करावी. यातील एकाही गोष्टीला नव्या कायद्याची गरज नाही.

खंडेनवमीला आपण गाडीला झेंडूच्या माळा घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंत्राची पूजा करणाऱ्या समाजाने ते यंत्र पेलणाऱ्या हातांना घडविण्याचेही कर्तव्य मानले पाहिजे. अन्यथा आपली पूजा लोखंडापाशीच थांबेल.